काळजीनं माणूस खरंच लवकर म्हातारा होतो का? नागपूरच्या पागलखान्यापासून पेशीच्या टोकापर्यंत

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही किंवा ज्यांच्या गावात नेट मधेच गायब होतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचा लेखी मजकूर. जसं बोलले तसंच ठेवलंय, मधले "अं" आणि "म्हणजे बघा" तेवढे कमी केलेत.

आजचा प्रश्न साधा आहे. आपल्याकडे सहज बोलून जातात, "पोराच्या दुखण्यात बाप वर्षभरात म्हातारा झाला", "काळजीनं अर्धी झाली बिचारी", "चिंतेनं केस पिकले". चिंता आणि चिता यांत एका टिंबाचा फरक, हे तर शाळेतच कुणीतरी फळ्यावर लिहून दाखवतं. चरकसंहितेतही रोग वाढवणाऱ्या गोष्टींची यादी करताना विषादाला पहिला मान दिलाय. म्हणजे ही समजूत आजची नाही. मनाला काही झालं की शरीर झिजतं, हे लोकांना दिसत होतं.

पण दिसणं वेगळं आणि मोजणं वेगळं. मनाचा आजार आणि शरीराचं म्हातारपण यांचा संबंध कुणी मोजला? कधी मोजला? आणि आपल्या गोंदियाच्या माणसाला त्याचा काय उपयोग? या भागात हाच इतिहास बघूया. सुरुवात घराजवळून करते.

नागपूरला पाठवा

पुण्याकडे कुणी विचित्र वागलं की म्हणतात, "येरवड्याला पाठवा". मुंबईकडे म्हणतात, "ठाण्याला पाठवा". आणि आपल्याकडे? "नागपूरला न्या". नागपुरात तर पागलखाना चौक नावाचा चौकच आहे, रिक्षावाल्याला पत्ता समजवावा लागत नाही. थट्टेत वापरलेल्या या वाक्यामागे दीडशे वर्षांहून जुना इतिहास आहे.

गोंदिया जिल्हा म्हणून आपण तसे तरुण आहोत. १ मे १९९९ ला भंडारा जिल्ह्यातून आपण वेगळे झालो. त्याआधी आपण भंडाऱ्यात, आणि भंडारा इंग्रजांच्या काळात मध्य प्रांतात. हा मध्य प्रांत १८६१ मध्ये तयार झाला, त्याची राजधानी नागपूर. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८६४ मध्ये, नागपुरात वेड्यांचं इस्पितळ सुरू झालं. इंग्रजीत त्याला असायलम म्हणत, म्हणजे आसरा. लोकांनी त्याचं पागलखाना केलं. आज त्याच संस्थेचं नाव प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, मंजूर खाटा सुमारे ९४०, आणि अख्ख्या विदर्भाची भिस्त तिच्यावर. राज्यात अशी सरकारी मनोरुग्णालयं चार मोठी: ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर.

या जागेचा कायदा मात्र इस्पितळाहून थोडा जुना होता. १८५८ चा. त्या कायद्यात रोगी माणूस कमी आणि "धोकादायक" किंवा "मोकाट फिरणारा" माणूस जास्त दिसतो. पोलिसांनी त्याला पकडायचं, मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं, डॉक्टरनं दाखला द्यायचा आणि मग आत पाठवायचं. आता कल्पना करा, सालेकसा किंवा देवरीकडच्या जंगलातलं एखादं गाव. रेल्वे आपल्याकडे आली १८८० च्या दशकात. त्याआधी नागपूर म्हणजे बैलगाडीनं कित्येक दिवसांचा प्रवास. तेवढ्या लांब घरचे लोक कुणाला कशाला नेतील? बहुतेक जण घरीच राहत. भगताकडे नेलं जायचं, अंगारा लावला जायचा, फारच झालं तर बांधून ठेवलं जायचं. नागपूरपर्यंत पोचायचा तो प्रामुख्यानं पोलिसांच्या हाती सापडलेला माणूस.

आत गेल्यावर त्याची नोंद व्हायची. नाव, वय, जात, धंदा, वेडाचा प्रकार आणि वेडाचं कारण. हा "कारण" नावाचा रकाना मोठा मजेशीर आहे. त्या काळी कारणांचे दोन गट करत. एक शारीरिक, म्हणजे ताप, गांजा, दारू, डोक्याला मार. दुसरा मानसिक, म्हणजे शोक, भीती, घरातली भांडणं. एकच माणूस दोन्ही गटांत बसू शकतो, हे त्या तक्त्यात मावायचंच नाही.

आणि हा रकाना भरायचा कसा? १८९३-९४ मध्ये सरकारनं भांग-गांजाची चौकशी करायला एक आयोग नेमला. गांजानं माणसं वेडी होतात का, हे बघायला आयोगानं देशभरातल्या असायलमच्या नोंदी तपासल्या. निष्कर्ष काय निघाला? कारणाच्या रकान्यावर विसंबता येत नाही. पुष्कळदा पोलिसांच्या कागदावर "गांजा ओढतो" असं असायचं, तेच पुढे उतरवलं जायचं. ज्याच्याबद्दल काहीच ठाऊक नाही, त्याच्या नावापुढेही गांजा.

म्हणजे आपल्या भागातल्या मनोरुग्णांची पहिली मोजदाद झाली, पण ती त्यांना डांबून ठेवण्यासाठी. त्या माणसाचं शरीर आतून कसं झिजतंय, हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. शरीराची नोंद नीट व्हायची ती शेवटी, मृत्यूच्या रकान्यात.

मृत्यू मोजणारा माणूस

तसं पाहिलं तर एक धागा इंग्लंडमध्ये खूप आधी सापडला होता. विल्यम फार नावाचा आकडेतज्ज्ञ होता. जन्ममृत्यूच्या नोंदींतून रोगांचा माग काढायचं शास्त्र उभं करणाऱ्यांपैकी एक. त्यानं १८४१ मध्ये वेड्यांच्या इस्पितळांतल्या मृत्यूंवर लेख लिहिला. त्याला दिसलं की आतली माणसं बाहेरच्या त्याच वयाच्या माणसांपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात मरतात. काही दोष इस्पितळांचा होता, म्हणजे गर्दी, थंडी, निकृष्ट जेवण, घाण. सगळाच दोष त्यांचा होता का, हा प्रश्न मात्र पुढे दीडशे वर्षं लोंबकळत राहिला.

शतकाच्या शेवटी जर्मनीत एमिल क्रेपेलिन या मनोविकारतज्ज्ञानं आज ज्याला आपण स्किझोफ्रेनिया म्हणतो, त्या आजाराला लॅटिन नाव वापरलं. मराठीत त्याचा अर्थ होतो "अकाली बुद्धिनाश". विशी-पंचविशीतला पोरगा म्हाताऱ्यासारखा आटत जातो, असं त्याला दिसलं होतं. हे नाव पुढे मागे पडलं, कारण सगळे रुग्ण तसे आटत नाहीत. बरेच सावरतात. पण "अकाली" हा शब्द लक्षात ठेवा.

गाडी, रूळ आणि तलाव

आता थोडा वेळ मनोरुग्णालय सोडून प्रयोगशाळेत जाऊया. कारण माणूस म्हातारा होतो म्हणजे त्याच्या आत नेमकं काय होतं, हे कळल्याशिवाय पुढचं काहीच मोजता येणार नव्हतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शास्त्रज्ञांचा समज होता की शरीरातली पेशी बाहेर काढून नीट खायला घातलं तर ती कायम जगते. अलेक्सिस कॅरेल या नोबेल मिळालेल्या डॉक्टरनं १९१२ मध्ये कोंबडीच्या पिल्लाच्या हृदयाच्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवायला घेतल्या आणि त्या कित्येक दशकं जिवंत असल्याचं सांगितलं गेलं. सगळ्यांनी मानलं. मग १९६१ मध्ये अमेरिकेत लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी माणसाच्या पेशी वाढवून दाखवलं की साधारण ४० ते ६० वेळा दुप्पट झाल्या की त्या थांबतात. मरत नाहीत लगेच, पण पुढे वाढत नाहीत. म्हणजे पेशीला मोजता येतं! ती मोजते कशी?

याचं उत्तर एका रशियन माणसाला चक्क रेल्वे स्टेशनात सुचलं. आपण गोंदिया जंक्शनवाले, आपल्याला हे लगेच कळेल. अलेक्सेई ओलोव्निकोव हा तरुण शास्त्रज्ञ १९६६ मध्ये हेफ्लिकच्या शोधावरचं एक व्याख्यान ऐकून मॉस्कोच्या मेट्रो स्टेशनात आला. गाडी येताना बघून त्याच्या मनात आलं: रूळ म्हणजे डीएनए आणि गाडी म्हणजे त्या डीएनएची नक्कल करत पुढे जाणारं यंत्र. आता टोकाला गाडी ज्या तुकड्यावर उभी आहे, तेवढ्या तुकड्याची नक्कल ती करू शकणार नाही. म्हणजे दर वेळी नक्कल करताना टोकाचा थोडा भाग सुटणार. रूळ दर फेरीला किंचित आखूड होणार. १९७१ मध्ये त्यानं ही कल्पना छापली. मग महत्त्वाची माहिती कापली जाऊ नये म्हणून टोकाला बिनमहत्त्वाचा, कापला गेला तरी चालेल असा तुकडा हवा. बुटाच्या लेसच्या टोकाला प्लास्टिकची टोपी असते ना, तसं काहीतरी. त्या टोकाचं नाव टेलोमिअर.

हे टोक प्रत्यक्षात कसं दिसतं, ते सापडलं तळ्यात. टेट्राहायमेना हा गोड्या पाण्यात राहणारा एकपेशीय जीव. आपल्या मामा तलावांसारख्या साचलेल्या पाण्यात सुखानं राहणारी जात. त्याच्या एका पेशीत डीएनएचे खूप छोटे छोटे तुकडे असतात, म्हणजे टोकंही खूप. एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि जोसेफ गॉल यांनी १९७८ मध्ये दाखवलं की त्या टोकांवर सहा अक्षरांचा एकच शब्द पुन्हा पुन्हा लिहिलेला आहे. नामजपासारखा. पुढे ब्लॅकबर्नची विद्यार्थिनी कॅरोल ग्रायडर हिला १९८४ च्या नाताळच्या दिवशी प्रयोगशाळेत ते टोक पुन्हा लांब करणाऱ्या विकराचा पहिला पुरावा दिसला. त्याचं नाव टेलोमरेज. या दोघी आणि जॅक शॉस्टॅक यांना २००९ चं नोबेल मिळालं.

आता आपल्या हातात एक घड्याळ आलं. परिपूर्ण नव्हे, पण बघता येण्यासारखं. रक्ताचा थेंब घ्या, पांढऱ्या पेशींतली टोकं मोजा. वय वाढतं तशी सरासरीनं ती आखूड होतात.

आजारी लेकरांच्या आया

मग २००४ मध्ये मनाचा आणि या घड्याळाचा पहिला मोठा सामना झाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या मानसशास्त्रज्ञ एलिसा एपेल या ब्लॅकबर्नकडे गेल्या. त्यांनी ५८ आया निवडल्या. त्यांतल्या ३९ जणींचं मूल दीर्घ आजारी होतं, बाकी १९ जणींची मुलं ठणठणीत होती. सगळ्या तरुण, वीस ते पन्नासमधल्या.

निकाल काय? ज्या आया जितकी जास्त वर्षं आजारी मुलाची सेवा करत होत्या, तितकी त्यांची टोकं आखूड. आणि स्वतःवरचा ताण सगळ्यांत जास्त आहे असं सांगणाऱ्या आणि सगळ्यांत कमी आहे असं सांगणाऱ्या आयांच्या पेशींत किमान दहा वर्षांच्या वयाइतका फरक. "काळजीनं म्हातारी झाली" हे वाक्य पहिल्यांदा आकड्यात उतरलं होतं.

हा अभ्यास मी वाचला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर कॅलिफोर्निया आलंच नाही. आपल्याकडच्या सिकलसेलवाल्या घरांतल्या आया आल्या. आपला गोंदिया, भंडारा, गडचिरोली हा सगळा सिकलसेलचा पट्टा. मध्य भारतातल्या लोकांत हा आजार आहे, हे शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांनी १९५८ मध्ये जगाला दाखवलं. त्याचं निर्मूलन करायचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं २०२३ मध्ये, म्हणजे ६५ वर्षांनी. मधल्या काळात आपल्याकडची आई काय करत होती? पोराचे सांधे दुखायला लागले की रात्रभर शेकायचं, सकाळी दवाखाना, रक्ताची सोय, दुपारी रोवणीवर मजुरी. या आयांच्या पेशी मोजल्या तर काय दिसेल, ते मी सांगणार नाही. पण आजारी माणसाबरोबर त्याला सांभाळणारा माणूसही आरोग्याचा विषय आहे, ही गोष्ट त्या ५८ बायकांनी कागदावर आणली. आपल्या सरकारी केसपेपरवर आईसाठी अजूनही रकाना नाही.

ताण पेशीपर्यंत पोचतो कसा?

काळजी ही मनातली गोष्ट. ती पेशीच्या टोकापर्यंत जाते कुठल्या रस्त्यानं?

ताणाच्या आधुनिक अभ्यासाची सुरुवात हान्स सेल्ये यांच्यापासून धरतात. १९३६ मध्ये माँट्रियलला उंदरांवर काम करताना त्यांना दिसलं की त्रास कुठलाही असो, शरीराचा प्रतिसाद बराचसा सारखाच असतो. वाघ दिसला की शरीर कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं सोडतं, साखर वाढवतं, हृदय जोरात चालवतं. नागझिऱ्यात खरा वाघ समोर आला तर हे फार उपयोगी आहे. वाघ गेला की सगळं खाली येतं. पण कर्ज, मारहाण, एकटेपणा किंवा महिनोन्महिने चाललेलं नैराश्य म्हणजे कधीच न जाणारा वाघ. मग तीच यंत्रणा शरीराला कुरतडते. बारीक सूज कायम राहते, आणि पेशींमध्ये ऑक्सिजनच्या उपद्रवी रूपांचा भार वाढतो. लोखंड गंजतं ना, साधारण तसा प्रकार. टेलोमिअरचा भाग या गंजाला विशेष हळवा आहे.

इथे मराठी माणसांचा वाटा सांगायलाच हवा. पुण्यात प्रभाकर रांजेकर आणि अमेरिकेत काम करणारे साहेबराव महाडिक यांच्या गटानं २००३ मध्ये स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर आजार असलेल्या रुग्णांच्या रक्ताचा अभ्यास छापला. गंज रोखणारी विकरं आणि पेशीच्या आवरणाला लागणारी चांगली मेदाम्लं या रुग्णांत कमी पडलेली दिसली. हा टेलोमिअरचा अभ्यास नव्हता, पण त्याच रस्त्यावरचा होता. २०१५ मध्ये बंगळुरूच्या निमहान्समधल्या शास्त्रज्ञांनी टेलोमिअरही मोजले. स्किझोफ्रेनियाच्या ज्या रुग्णांचा आजार आटोक्यात आला नव्हता, त्यांच्यात ते आखूड आढळले.

आणि केस पिकण्याचं काय? तेही २०२० मध्ये हार्वर्डला या-च्ये श्यू यांच्या प्रयोगशाळेत उंदरांवर दिसलं. तीव्र ताणात केसांच्या मुळाशी असलेल्या रंग देणाऱ्या मूळ पेशींचा साठाच संपून जातो. आजी-आजोबांचं निरीक्षण अगदीच वाऱ्यावरचं नव्हतं.

घड्याळं अनेक, वेळ वेगवेगळी

आता जरा ब्रेक लावते. कारण इथपर्यंत ऐकून कुणी म्हणेल, "मला डिप्रेशन आहे, म्हणजे माझी दहा वर्षं गेली". असं नाही.

५८ आया ही लहान संख्या. म्हणून पुढे मोठे अभ्यास झाले. नेदरलँड्समध्ये २०१३ मध्ये योसिने फरहूवेन आणि सहकाऱ्यांनी २,४०७ लोकांचे टेलोमिअर मोजले. त्यात आत्ता नैराश्य असलेले, पूर्वी नैराश्य असून बरे झालेले आणि कधीच नसलेले असे तीन गट होते. नैराश्यवाल्यांत टोकं आखूड होती, पण फरक साधारण चार ते सहा वर्षांच्या वयाइतका. विचार करायला लावणारी गोष्ट म्हणजे बरे झालेल्यांतही तो फरक होता. जखम भरली तरी व्रण राहतो तसा.

त्याच वर्षी स्टीव्ह होर्वाथ यांनी वेगळंच घड्याळ शोधलं. डीएनएवर ३५३ ठिकाणी रासायनिक खुणा असतात, त्या वाचून वयाचा अंदाज बांधायचा. नेदरलँड्समधल्या त्याच प्रकल्पात २०१८ मध्ये असं खुणांचं घड्याळ लावून बघितलं, तर नैराश्यवाल्यांचं जैविक वय पुढे होतं खरं, पण सरासरी फरक एका वर्षाहूनही कमी. एका घड्याळात चार-सहा वर्षं, दुसऱ्यात काही महिने. म्हणजे दिशा तीच, अंतराबद्दल मात्र घड्याळांचं एकमत नाही.

आणि कारण कुठलं, परिणाम कुठला? नैराश्यात माणूस झोपत नाही, चालत नाही, बिडी ओढतो, दारू पितो, आपल्याकडे खर्रा घोटतो. काही औषधांनी वजन आणि साखर वाढते. गरिबी आणि लहानपणीची मारहाण हे दोन्हींचं मूळ असू शकतं. म्हणून एकदाच रक्त तपासून भागत नाही, माणसाच्या मागे वर्षानुवर्षं चालावं लागतं. न्यूझीलंडच्या डुनेडिन शहरात हे केलंय. १९७२-७३ मध्ये जन्मलेली १,०३७ मुलं, लहानपणापासून वयाच्या ४५ व्या वर्षापर्यंत पुन्हा पुन्हा तपासली. २०२१ मध्ये छापलेला निकाल असा: ज्यांना तरुणपणापासून मानसिक आजारांचा जास्त त्रास झाला, त्यांचं शरीर पंचेचाळिशीपर्यंत जास्त वेगानं म्हातारं होत गेलं. चालणं मंद, ऐकणं कमी, चेहराही थोराड. लठ्ठपणा, धूम्रपान, औषधं, लहानपणचे हाल या सगळ्यांचा हिशोब बाजूला काढल्यावरही काही फरक उरलाच.

विल्यम फारच्या प्रश्नाचं अर्धंमुर्धं उत्तर हे असं १८० वर्षांनी आलं. सगळा दोष इस्पितळाच्या भिंतींचा नव्हता.

मग गोंदियाचं काय?

आता या सगळ्याचा मुद्दा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं आधी मरतात. आपल्याला वाटतं आत्महत्येनं. ते कारण आहेच. पण बहुतेक मृत्यू हृदयविकार, मधुमेह, श्वसनाचे आजार, संसर्ग अशा साध्या, बऱ्याचदा टाळता येण्यासारख्या रोगांनी होतात.

साध्या रोगांनी का मरतात? कारण १८६४ च्या रजिस्टरमधली ती विभागणी अजून आपल्या डोक्यात आहे. शारीरिक एकीकडे, मानसिक दुसरीकडे. मनाची गोळी चालू असलेला माणूस छातीत दुखतंय म्हणाला की घरचे म्हणतात, "याचं नेहमीचंच आहे". दवाखान्यातही कधीकधी तेच ऐकू येतं. आणि उलटही घडतं. सहा महिने अंगदुखी, भूक नाही, झोप नाही म्हणून सलाईन लावून घेणाऱ्या बाईला कुणी विचारतच नाही, "ताई, मन कसं आहे?"

दुसरं कारण अंतराचं. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ मध्ये, भोर समितीनं हिशोब मांडला होता: देशात मनोरुग्णांसाठी खाटा जेमतेम दहा हजारांच्या आसपास, म्हणजे साधारण ४०,००० लोकांमागे एक. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला १९८२ मध्ये, त्याचा जिल्हा पातळीवरचा अवतार १९९६ मध्ये. म्हणजे उपचार जिल्ह्यात यावेत हे सरकारनं ठरवलं, तेव्हा गोंदिया जिल्हाच नव्हता. २०१५-१६ चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण १२ राज्यांत झालं. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण आपले दोन्ही शेजारी, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड, होते. त्या सर्वेक्षणात आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचाराविना राहतात असं निघालं. शंभरातले सत्तर ते ब्याण्णव!

आता मघाच्या घड्याळाशी हे जोडून बघा. आजार उपचाराविना जितका लांबेल तितकी झीज लांबेल, असा अंदाज या सगळ्या संशोधनातून बांधता येतो. म्हणजे "बघू, रोवणी आटपली की नेऊ", "लग्न झालं की सुधारेल" म्हणून घालवलेली दोन वर्षं फुकट जात नाहीत. त्यांची किंमत शरीरही मोजत असतं. मनाच्या आजारावर लवकर उपचार घेणं हा हृदय वाचवण्याचाही मार्ग आहे, असं म्हणायला आता आधार आहे.

चांगली बाजूही सांगते. टेलोमिअर म्हणजे कपाळावर लिहिलेलं नशीब नव्हे. टेलोमरेज नावाचं विकर आहे, म्हणजे शरीरात डागडुजीची सोय आहे. झोप, चालणं, तंबाखू सोडणं, माणसांत राहणं, आणि आजार असेल तर सलग औषधोपचार या गोष्टी शरीराच्या बाजूनं काम करतात. यातली एकही महाग नाही. टेलोमिअर मोजून देण्याच्या जाहिराती मोबाईलवर दिसतील, त्यावर पैसे घालवू नका. एकट्या माणसाला त्या आकड्यातून फारसं काही कळत नाही. हे आकडे हजारो लोकांची सरासरी काढताना बोलतात.

आणि अंतरही कमी झालंय. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचार हा प्रत्येकाचा हक्क केला. १८५८ चा कायदा पोलिसांपासून सुरू व्हायचा, हा कायदा रुग्णाच्या हक्कापासून सुरू होतो. मधे किती काळ गेला बघा. ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस ही सरकारी सेवा आहे. नंबर १४४१६, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीतही बोलता येतं. सालेकशातल्या पोराला बोलायला आता विदर्भ एक्सप्रेस पकडून नागपूर गाठायची गरज नाही.

शेवटी एक काम देते, आणि ते या आठवड्यात करता येईल. तुमच्या घरात किंवा शेजारी कुणाला मनाच्या आजाराची औषधं चालू असतील तर पुढच्या तपासणीला त्यांच्यासोबत जा आणि डॉक्टरांना एवढंच म्हणा, "बीपी, शुगर आणि वजनपण बघून घ्या." आणि त्यांना सांभाळणारी जी आई, बायको, भाऊ असेल, त्यांचंही बीपी त्याच टेबलावर मोजून घ्या. रजिस्टरमध्ये दोघांसाठी वेगळे रकाने असतील. शरीर एकच आहे.

हा भाग आवडला तर घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, सुप्रभातच्या फुलांमध्ये जागा असतेच. भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि काळजी फार करू नका.